उजव्या हाताची सुरी

बाबांना लकवा मारला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळी दाढी करताना. उजवी बाजू गेली. बोलणं महिनाभरात बरंचसं परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालता झाला, पण उजवा हात तसाच राहिला. ते तो डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचे आणि उठताना आठवणीनं पुन्हा उचलून घ्यायचे, एखादी पिशवी घ्यावी तसा.

त्यांची सगळी नोकरी वनरक्षक म्हणून किनवट-माहूरच्या जंगलात गेली. आई वारल्यावर ते माझ्याकडे चाकूरला आले. मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवते, माझे यजमान शेती बघतात. घरात आम्ही तिघंच.

व्यायाम शिकवायला लातूरहून एक डॉक्टर यायचे. त्यांनी बाबांना एक मऊ रबरी चेंडू दिला आणि दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितलं. बाबांनी दोन दिवस तो मुकाट्यानं धरला. तिसऱ्या दिवशी चेंडू शेजारच्यांच्या पत्र्यावर सापडला.

"बाबा, हा तिकडं कसा गेला?"

"डाव्या हातानं फेकला. चेंडू दाबायला मी काय लेकरू हाय?"

"पण हातात काहीतरी धरायलाच पाहिजे, डॉक्टर म्हणाले ना."

"मग धरण्यासारखं काही दे की."

"काय देऊ?"

त्यांनी तोंड फिरवलं. रुसले असं वाटून मी उठणार, तेवढ्यात म्हणाले, "सुरी. चांगली सुरी असती तर धरली असती."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. नोकरी नवी असताना त्यांनी एका शिकाऱ्याला पकडलं होतं. सांबर मारलेलं, माणूस ते सोलत बसलेला. त्याच्याजवळ एक सुरी होती. पातं वीतभर, मूठ सांबरशिंगाची आणि पात्याच्या पाठीवर चांदीच्या तारेची वेल. बाबांनी माणसाला पुढं घातलं, सुरी स्वतःच्या कमरेला खोचली आणि ऑफिसपर्यंत चार कोस चालत गेले. तिथं सुरी मुद्देमालात जमा केली, कागदावर सही केली, संपलं.

"चार कोस माझ्या कमरेला होती," ते म्हणाले. "वाटंत दहा बारी तरी काढून बघितली असंल. अशी बसायची हातात की हात आन् सुरी येगळी वाटायचीच न्हाई."

"ठेवून घ्यावीशी वाटली का?"

"वाटली की." त्यांनी उजवा हात मांडीवर नीट सारखा केला. "लई वाटली, माय."

दुसऱ्या रविवारी मी नांदेडची बस धरली. अहमदपूर, लोहा करत अडीच-तीन तास लागतात. गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या बाजारात कृपाणी, तलवारी, कडी यांची दुकानं ओळीनं आहेत, हे मला माहीत होतं. पण तिथला माल तयार, चकचकीत, सगळा एका मापाचा. एका दुकानदाराला मी माझं काम सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे मशीनवर होणार नाही. मागच्या गल्लीत जा, उस्तादांना विचारा."

उस्ताद म्हणजे शिकलीगर सरदारजी होते, सत्तरीच्या पुढचे. पांढरी दाढी ठिणग्यांनी जागोजागी पिवळी पडलेली. पिढ्यान् पिढ्या हत्यारं करणारं घर. दाराशीच भट्टी, आत एक खोली, आणि खोलीत त्यांची बायको पात्यांना पॉलिश करत बसलेली. तिला सगळी गल्ली बीजी म्हणायची.

मी बाबांनी सांगितलेलं सगळं वर्णन केलं. शेवटी मी म्हणाले, "मूठ सांबरशिंगाची पाहिजे."

उस्तादांनी हातातला हातोडा ऐरणीवर ठेवला. "मॅडम, मेरे को जेल भेजना है क्या?"

"नाही, म्हणजे जुनं असेल तर..."

"जुना नया कुछ नहीं. शिंग म्हशीचं मिळेल. सांबराचं नाव या घरात घेऊ नका."

मी ओशाळले. संध्याकाळी घरी येऊन हे बाबांना सांगितलं तर ते उस्तादांच्याही वरताण चिडले. "सांबरशिंग? माझ्यासाठी?" त्यांची जीभ अडखळायला लागली तशी मी पाण्याचा पेला पुढं केला. "तीस-बत्तीस वर्सं काय झक मारली मी जंगलात?" मग थोडे शांत झाल्यावर म्हणाले, "माणूस मात्र चांगला दिसतो. त्याच्याकडूनच कर."

मुठीचं लाकूड घरातच निघालं. सासऱ्यांच्या वेळची एक मोडकी तिफण गोठ्यात पडली होती. तिचं दांडं जुन्या बाभळीचं, आतून तांबूस काळं आणि असं कठीण की यजमानांची करवत दोनदा अडकली. हाताचं माप घ्यायला मी शाळेतली शाडूची माती आणली, तिचा जाड गोळा केला आणि बाबांच्या डाव्या हातात दिला.

त्यांनी तो परत माझ्याकडं सरकवला. "उजव्यात दे."

"बाबा, उजव्यानं धरता येणार नाही तुम्हाला."

"डाव्यानं धरायला सुरी कशाला पाहिजे? डावा चांगलाच हाय. सुरी उजव्यासाठी करून राहिलो आपण."

मी त्यांचा उजवा हात गोळ्यावर ठेवला, बोटं एकेक करून वळवली. त्यांनी जोर लावला. मानेची शीर फुगली, कपाळावर घाम आला. हात काढला तेव्हा मातीत अंगठा उमटला होता, पहिलं बोट उमटलं होतं, मधलं जरासं. उरलेल्या दोन बोटांच्या जागी माती गुळगुळीत होती.

तो गोळा सुकवून, फडक्यात गुंडाळून मी नांदेडला नेला. उस्तादांनी तो उन्हात धरून फिरवला. मी काही सांगायच्या आत म्हणाले, "या दोन बोटांत जान नाही. कोणाचा हात आहे?"

"वडिलांचा."

त्यानंतर त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं, बेटी म्हणायला लागले.

पातं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून निघालं. उस्तादांनी तुकडा भट्टीत घातला. लोखंड संत्र्यासारखं झालं की सांडशीनं ऐरणीवर घ्यायचे आणि ठोकायचे, गार पडायला लागलं की पुन्हा आगीत. मी आधी पुठ्ठ्यावर पात्याचा आकार काढून दिला होता. टोक खूप अणकुचीदार काढलं होतं, कारण कागदावर ते देखणं दिसत होतं. उस्तादांनी पुठ्ठ्याचं टोक कात्रीनं गोल केलं. "हात थरथरणार. टोक स्वतःलाच लागेल." मला ते सुचायला हवं होतं.

मग कानस. दोन रविवार फक्त कानस. ते काम त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. "चित्रं काढतेस ना? मग हातात सबुरी असेल," म्हणाले. माझी सबुरी अर्ध्या दिवसात संपली, तळहाताला फोड आले. बीजीनं हळद-तेल लावून दिलं आणि पुन्हा पाटावर बसवलं.

पात्याला पाणी देण्याचं काम मात्र त्यांनी स्वतः केलं. लाल झालेलं पातं त्यांनी पूर्ण न बुडवता फक्त धारेकडची कड तेलात धरली. धूर उठला, तेल चरचरलं. "धार कडक, पाठ नरम," ते म्हणाले. "सगळं कडक केलं तर तुटतं. आणि तुझी तार पण पाठीवरच बसणार, नरम असेल तर बसेल."

तार म्हणजे चांदीची नक्षी. माझी तुटकी पैंजणं मी चाकूरच्या सोनाराकडून वितळवून, दोऱ्यासारखी बारीक तार ओढून आणली होती. नक्षी काय काढायची हे ठरत नव्हतं. मी बाबांना वह्या भरून चित्रं दाखवली, उडी घेणारं हरीण, वाघाचं तोंड, वेली.

"सुरीवर जनावर नको," ते म्हणाले. "सुरीवर जनावर म्हंजे मारायचंच चित्र झालं ते."

"मग वेल काढू?"

"वेल त्या दुसऱ्या सुरीवर होती." मग म्हणाले, "पावलं काढ. पानवठ्याकडं जाणारी. जनावर दिसू नये, फक्त येऊन गेलेलं कळावं."

मी परातीत माती चाळून त्यांच्यासमोर ठेवली. पुढचा महिनाभर, मी शाळेतून आल्यावर, ते डाव्या हाताच्या बोटानं मातीत पावलं काढायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. सांबराचे दोन खूर, मधे फट. रानडुकराचे खूर तसेच, पण मागं दोन बारीक ठिपके. मोराची तीन बोटं. अस्वलाचं मागचं पाऊल माणसासारखं, फक्त पुढं लांब नखं. त्यांचा डावा हात वाकडातिकडा चालायचा तरी पाऊल अचूक यायचं. माझी रेघ सुबक असायची आणि पाऊल चुकायचं.

"हे बिबट्याचं न्हाई."

"काय चुकलं?"

"नखं काढलीस. बिबट्या नखं आत घिऊन चालतो. नखं दिसली म्हंजे कुत्रं."

बावीस वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवते आहे. आधी बघा, मग काढा, असं रोज सांगते. त्या महिन्यात मला कळलं की मी स्वतः किती कमी बघते.

तार बसवायला शिकणं फार अवघड गेलं. छोट्या छिन्नीनं लोखंडात चर काढायचा, चराच्या दोन्ही कडा आतून किंचित रुंद ठेवायच्या, म्हणजे तार ठोकली की आत फुगून अडकते. उस्तादांनी मला एक टाकाऊ पट्टी दिली. तिच्यावर मी पाच रविवार सराव केला. पहिल्या रविवारची तार नखानं ओढली तरी निघायची. शेवटच्या रविवारी बीजीनं चिमट्यानं ओढून पाहिली, निघाली नाही. "अब असली पे बैठ," ती म्हणाली.

मधल्या काळात मुठीचा प्रसंग घडला. बाभळीची मूठ मी घरीच घासत होते. मातीच्या गोळ्यासारखी जाड मूठ मला कुरूप वाटली. मी ती मधे बारीक, शेवटी फुगीर, अगदी डौलदार केली. नक्षी व्हायची होती तरी, बाबांना माप पाहू दे म्हणून उस्तादांकडून पातं तात्पुरतं बसवून घरी आणलं. बाबांनी उजव्या हातात घेतली. क्षणभर धरली. हात उचलला आणि सुरी निसटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर सतरंजीवर आपटली.

यजमान दारातून धावत आले. त्यांनी सुरी उचलून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. "आजारी माणसाच्या हातात हत्यार देता? बस झालं आता हे." ते सहसा आवाज चढवत नाहीत. मला रडू आलं. बाबा मात्र पायाकडं न बघता हाताकडं बघत होते.

"चावी द्या जावईबापू," ते हळूच म्हणाले. "सुरीचा दोष न्हाई. मूठ माझ्या हाताची न्हाई, ह्या पोरीच्या डोळ्याची हाय."

यजमानांनी चावी माझ्याकडं दिली, पण एका अटीवर. पुन्हा ती सुरी बाबांच्या हातात जाईल तेव्हा ते स्वतः शेजारी असतील.

नांदेडला ती मूठ पाहून बीजी हसली. "हाथ बीमार है और लकडी पतली? बेलन कैसा मोटा होता है, वैसी रख." उस्तादांनी दांड्याच्या उरलेल्या तुकड्यातून दुसरी मूठ काढली. मातीतले अंगठ्याचे, बोटांचे ठसे तसेच लाकडात उतरवले, आणि जिथं माती गुळगुळीत होती तिथं एक उंचवटा ठेवला, म्हणजे निर्जीव बोटं त्याच्यावर नुसती टेकली तरी सुरी खाली सरकणार नाही. पुढं पितळेची कोर, कोरीच्या मागं म्हशीच्या काळ्या शिंगाची एक चकती. मूठ मुसळाच्या तुकड्यासारखी दिसत होती. या वेळी मी तिला कानस लावली नाही.

पात्यावर पावलं मी बसवली. सांबर, डुक्कर, मोर, अस्वल, सगळं नीट झालं. बिबट्याच्या शेवटच्या बोटावर छिन्नी घसरली. बोटाच्या पुढं तांदळाच्या कणीएवढी खाच पडली. उस्ताद म्हणाले घासून काढता येईल, पण मग तिथली पाठ खोल जाईल आणि सगळी रांग वाकडी दिसेल. मी खाचेतही चांदी भरली. कोणाला दिसणार नाही, असं मनाशी म्हटलं.

फाल्गुनात सुरी घरी आली. यजमान ठरल्याप्रमाणे शेजारी बसले. बाबांनी चष्मा लावला आणि आधी पातं डोळ्यांजवळ नेलं. एकेक पाऊल बघत गेले, ओठ हलत होते. बिबट्यापाशी थांबले.

"हे कुत्र्याचं झालं की!"

आणि ते हसायला लागले. आजारपणानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. चेहऱ्याची उजवी बाजू नीट हलत नव्हती, त्यामुळं ते हसू एका गालातच मावत होतं, पण खांदे गदगदत होते. यजमानही हसले. मीच तेवढी तोंड पाडून बसले होते.

"घासून काढायला सांगू का, बाबा?"

"न्हाई, न्हाई. राहू दे. गुराख्याच्या मागं कुत्रं येतंच की पानवठ्यावर." मग त्यांनी मूठ उजव्या हातात घेतली. यजमान पुढं सरकले. अंगठा जागेवर बसला, बोट बसलं, मधलं बोट हळूहळू वळलं. दोन बोटं उंचवट्यावर टेकली. सुरी पडली नाही. त्यांनी ती मांडीपासून वीतभर उचलली, तशीच धरून ठेवली, आणि खाली ठेवताना म्हणाले, "बसली."

कापणं लगेच जमलं नाही. पहिले कित्येक दिवस ते फक्त धरून बसायचे, सकाळी आणि दुपारी. पुढं काकडीवर धार टेकवायला लागले. उन्हाळा संपता संपता एका संध्याकाळी त्यांनी एक पेरू चार ओबडधोबड फोडींत कापला, मीठ लावून आम्हाला दिला. डॉक्टर म्हणाले, एवढं आलं हेच खूप आहे, याच्यापुढं फारसं येणार नाही. ते खरं निघालं. हात तिथवर आला आणि थांबला. शर्टाची बटणं अजून मीच लावते. बाबांनी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा नुसती मान हलवली.

पाऊस उघडल्यावर त्यांनी हट्ट धरला, "मला त्या माणसाकडं ने." यजमानांनी गाडी काढली आणि आम्ही नांदेडला गेलो. उस्तादांनी बाबांना खुर्चीवर बसवलं, स्वतः पाटावर बसले आणि काही न विचारता त्यांचा उजवा हात हातात घेऊन एकेक बोट दाबून पाहिलं, लोखंड तपासावं तसं. बीजीनं चहा आणला.

बाबांनी त्यांना त्या जुन्या सुरीची गोष्ट सांगितली. मला वाटत होतं, उस्ताद म्हणतील ती आमच्याच भट्टीतली. मी विचारलंसुद्धा.

"कौन जाने, बेटी. तेव्हा घरोघर भट्टी होती," ते म्हणाले. मग बाबांकडं वळून, "साहब, रख लेते तो? किसको पता चलता?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "ठेवली असती तर कुणाला दाखवता आली नसती. चांगली वस्तू आन् लपवून ठेवायची, ती आपली कशी म्हणावं?"

उस्तादांनी दोन्ही हात जोडले. नंतर बराच वेळ दोघं दक्खनीत बोलत बसले. जंगलातल्या कोळशाबद्दल, कुठल्या लाकडाची आग जास्त टिकते, कुठलं लाकूड आता मिळतच नाही. दोघांचं पटलं नाही ते एवढ्यावरच, की कोळसा खैराचा चांगला की धावड्याचा.

मी अजूनही महिन्यातले दोन रविवार नांदेडला जाते. सध्या देगलूरच्या एका बागायतदाराची कलमं करायची सुरी माझ्याकडं आहे. पहिलं पूर्ण काम, जे उस्तादांनी मला एकटीला सोपवलं. त्याला मुठीजवळ आंब्याची तीन पानं हवी आहेत. पहिली दोन बसली. तिसऱ्या पानाची शीर तीनदा उपटून काढली आहे, कारण बाबा म्हणतात, आंब्याच्या पानाची मधली शीर इतकी सरळ कधीच नसते. परवा त्यांनी यजमानांना शेताकडून एक डहाळी आणायला सांगितली. ती आता माझ्या टेबलावर पेल्यात ठेवलेली आहे आणि मी रोज शाळेतून आल्यावर आधी पंधरा मिनिटं तिच्याकडं नुसती बघत बसते.